चॉकलेटच्या डब्याची चौकशी

मारेगाव,
डिसेंबर २००६

आदरणीय मैत्रेयीताई यांना भावजय दीपाचा सप्रेम जयभीम.

तुमची तब्येत कशी आहे? पुण्याच्या थंडीत कान बांधता ना? इकडे तुमचे भाऊ मजेत आहेत, आईंचे गुडघे कुरकुरत का होईना चालतात, आणि कापूस भावाची वाट पाहत पुढच्या खोलीत छतापर्यंत बसून आहे. भाव काही येत नाही, म्हणून आलेल्या माणसाला आम्ही कापसाला टेकूनच बसवतो. (मऊ लागतो, पण मागाहून अंग खाजतं.)

धम्मचक्राच्या पन्नासाव्या वर्षाला तुम्ही आईंना घेऊन दीक्षाभूमीवर जाणार होतात. तुम्ही आला नाहीत, तुमचं पार्सल आलं. आई शेजारच्या मानीबाईसोबत जाऊन आल्या आणि तुमच्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पार्सल मात्र मी मन लावून उघडलं. ऑफिसने तुम्हाला फ्रान्सला पाठवलं तेव्हा घेतलेला, दुधात विरघळवून प्यायच्या चॉकलेटचा डबा, एक इंग्रजी कादंबरी, आणि तुमची सूचना: दोन्ही सोबतच घ्यायचं, एक घोट आणि एक पान. कादंबरी खुनाची, पण मायाळू. खून होतो तो केकच्या दुकानात, आणि तपास करते ती दुकानवालीच, कणीक मळता मळता. आता अशी जोडी जमवायला मारेगावात माझ्याशिवाय कोण आहे? मी इंग्रजी घेऊन बी.ए., आणि रविवारच्या महिला वाचन मंडळाची संस्थापक, अध्यक्ष व वाचणारी. (बाकीच्या ऐकणाऱ्या.)

चॉकलेटच्या चकत्या मी म्हशीच्या दुधात मंद आचेवर विरघळवल्या आणि रवीने असं घुसळलं की चमचा उभा राहिला. साखर घातली नाही, कारण तुमच्या सूचनेत साखर नव्हती आणि मी सूचनेबाहेर जात नाही. मंडळ जमलं, कप वाटले. मानीबाईने सवयीप्रमाणे बशीत ओतलं. चहा बशीत ओतला की निवतो, हे ओतलं की बसतं. बशी तिरपी केली तरी जागचं हलेना, शेवटी तिने बोटाने चाटलं. मी तिकडे लक्ष न देता वाचायला घेतलं. माझा नियम तुम्हाला माहीत आहे, आधी वाचून ठेवायचं नाही, समोर बसूनच भाषांतर करायचं, म्हणजे वाचणारीलाही उत्सुकता राहते. तर सगळ्यांनी पहिला घोट घेतला आणि नेमकं तेव्हाच मी वाचलं की केकच्या दुकानात आलेल्या एका म्हातारीने गरम चॉकलेटचा पहिला घोट घेतला, "कडू आहे" म्हणाली, आणि बिस्किटांच्या ताटात पालथी पडली.

सगळ्यांनी कप खाली ठेवले. आमच्याकडे ह्या दोन-चार वर्षांत विष हा शब्द कोणी गमतीत घेत नाही, माझ्याही तोंडून निघेना. म्हणून मी भाषांतरात "त्यात काहीतरी घातलं होतं" एवढंच म्हटलं. ते जास्तच महागात पडलं. मानीबाई बोट तसंच धरून म्हणाली, "काय घातलं वं? हे बी त कडूच लागून राह्यलं."

आपल्या घरी आलेल्या बाईला आपण दिलेलं प्यायची भीती वाटावी, हे मला सहन होईना. मी सगळ्यांसमोर एकेक करून सगळे कप पिऊन दाखवले. दाखवलं ते बरोबरच केलं, असं माझं आजही मत आहे, पोटाचं नाही. दुसऱ्या दिवशी मी कापसावर आडवी. मी जिवंत आहे का ते पाहायला अख्खी गल्ली आली, ज्या कधी मंडळाकडे फिरकल्या नव्हत्या त्याही आल्या, कापसाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, आता पुढचं वाच. ताई, मंडळाला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. यश म्हणतात ते ह्यालाच. आता रोज दुपारी एक प्रकरण होतं, सोबत कोरा चहा.

एकच अडचण झाली. त्या दुकानवालीचं म्हणणं असं की, कोणी पाजलं ते पाहू नका, कोण हजर नव्हतं ते पाहा. हे ऐकल्याबरोबर आई, ज्या इतके दिवस गप्प होत्या, त्या बोलल्या. "दोन वर्षं झाले. पोरगी दिसत नाही, डबे दिसतात. मले त तिच्यावरच संशय आहे." सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मी तुमची बाजू जोरात मांडली. रजा मिळत नाही, अंतर लांब आहे, ऑफिसात माणसं कमी आहेत, तुम्ही फोनवर सांगता ते सगळं सांगितलं. आई म्हणाल्या, "पुस्तकातला बी प्रत्येक जण असंच सांगते."

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आईंना तुमची आठवण मुळीच येत नाही, असं त्या मला दिवसातून पुष्कळदा सांगतात. तब्येतीला जपा.

तुमची भावजय,
दीपा

ता.क. उरलेला डबा आईंनी पुरावा म्हणून जप्त केला आहे. दीक्षाभूमीवर नेसल्या त्या पांढऱ्या लुगड्याखाली, त्यांच्या पेटीत. रोज पेटी उघडून डब्याचा वास घेतात. विचारलं तर म्हणतात, "पाहून राह्यली, खराब त नाही झालं."

ता.क. दुसरा. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं आहे आणि आई ते वाचू देत नाहीत. आरोपी हजर झाल्याबिगर निकाल नाही, असं त्यांनी मंडळात जाहीर केलं. मानीबाई ह्यावरून रुसली आहे. यवतमाळपर्यंत या, पुढे एस.टी. आहे, नाहीतर तुमचे भाऊ गाडी घेऊन येतील. माझ्या मंडळासाठी तरी या.

ता.क. शेवटचा. आई मागे उभ्या राहून लिहायला सांगताहेत, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते: "पार्सल-बिर्सल आणू नको. हात हलवत ये. पहिला घोट तू घेजो. दुसरा मी घेतो."