आईची वेणी, आईचा लसूण

आई, काल परसात लसूण लावला. मोरीचं पाणी जातं तोच वाफा आणि तोच तुझा लसूण, बारीक, लालसर, सोलता सोलता जीव नकोसा करणारा. तिसगावच्या बाजारातून मी एकदा पांढरेशुभ्र गड्डे आणले, तर तू एक नाकाशी धरून परत पिशवीत टाकलास. "दिसाया लई ग्वाड. वास कुठं हाय ह्याला?" अजूनही मी बाजारात लसूण उचलून हुंगतो आणि घेत मात्र नाही. विकणारी बाई काय म्हणत असेल कोण जाणे.

शिमग्याच्या सुमाराला पात पिवळी पडून माना लवल्या की तू लसूण उपटायचीस, सावलीत पसरायचीस आणि पात पुरती वाळायच्या आत मला समोर बसवून टांगून ठेवायला त्याच्या वेण्या घालायला लावायचीस. बहीण नव्हती, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. एकदा शेजारची मावशी ओट्यावरून खिदळली, "अगं, पोरगं वेन्या घालतंय! कुकू लाव की त्याला." मी लाजून हातातलं टाकलं. तू मान वर न करता म्हणालीस, "हसू दे तिला. तू घट घाल. सैल पडली तं समदा लसूण डोक्यात यील." पुढं बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा लेकीच्या शाळेच्या वेण्या मीच घातल्या. "पप्पा, तुम्हाला कुणी शिकवलं?" म्हटलं, "लसणानं." पोरगी आपल्याच वेण्या हुंगत शाळेत गेली. किती गं तुझे उपकार.

तू गेलीस त्या वर्षी तुझ्या हातची एकच वेणी उरली होती, चुलीवरच्या खिळ्याला. बाकीच्या आल्यागेल्यांच्या स्वयंपाकात संपल्या. दसरा झाला, लावणीचे दिवस आले आणि माझा हात काही वेणीला लागेना. सोडावी तर तुझी गाठ जाणार. न सोडावी तर पाकळ्या आतल्या आत सुकणार, आणि हा लसूण गावात दुसऱ्या कुणाकडं नाही. शेवटी तुझी सून म्हणाली, "आत्याबाईंची वेणी ठेवायची, का आत्याबाईंचा लसूण? काय ते एकदाचं ठरवा." रडत रडतच सोडली. पीळ इतका घट्ट, की पाणी शिंपडून पात मऊ करावी लागली. शेंडा वर, बूड खाली, पाकळी पाकळी लावत गेलो. हिरवे कोंब वर आले त्या सकाळी वाफ्यापुढं चपला काढून उभा राहिलो.

तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. लेक आता बेलापूरला सासरी असते, तिच्याही परसात तुझाच लसूण आहे.

हे लिहिलेलं कुठं पाठवणार, राहील इथंच. पण एक सांगायचं राहिलं. त्या वेणीच्या टोकाची गड्डी मी लावलीच नाही. तुझी शेवटची गाठ तिच्यावर होती. अजून खिळ्यालाच आहे, आत काही उरलं नाही, वाऱ्यानंसुद्धा हलते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "येड्या, बी वाया घालिवलं."

व्हय आई, घालिवलं.