दोन भोवरे आणि एक बांडा बैल

बा, एका बाईनं मला विचारलंय, येणार की न्हाई ते सांगा. अन् तेव्हापासून मला तुमचा तो बांडा बैल सारखा आठवून राहिला. आता बाईचा अन् बैलाचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. थांबा, सांगतो. माझं बोलणं कधी सरळ जात नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. विहिरीवर पाठवलं तर मी बोरीला दगड मारत बसायचो, आणि तुम्ही बांधावरून हाक मारायचे, "आरं, पाणी आणायला गेलता का बोरं पाडायला?"

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत हे मला पहिल्यांदा कळलं ते लिंबाखाली केस कापून घेताना. केस कापणाऱ्या काकांनी माझी मान वाकवली, बोटानं केस बाजूला केले आणि पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "भाऊ, दोन हायेत दोन! दोन बायका करतंय तुमचं पोरगं!" पारावर एकच हशा. कोणी म्हणालं, "एक भाकर थापंल अन् एक पाय दाबंल." मीही हसलो, मला वाटलं काहीतरी बक्षीस मिळालं. घरी येऊन मायला सांगितलं तर ती हसली नाही. तिनं तेलाची वाटी घेतली आणि माझं डोकं असं चोळलं की जणू ते भोवरे चेपून सपाट होतील. शेजारच्या म्हातारीनं मग मला समजावून सांगितलं, की दोन लग्नं म्हणजे काय, तर पहिली मरते तेव्हाच दुसरी येते. एवढं गणित मला शाळा बुडवूनही बराबर जमलं.

आणि तुम्ही तर भोवरे वाचणारे. बैल घ्यायला निघालेला माणूस आधी आपल्या घरी यायचा. "भाऊ, चला की, तुमचा हात फिरला म्हणजे बरं." तुम्ही बाजारात बैलाच्या कपाळावरून, वशिंडावरून, पाठीवरून हात फिरवायचे, केस कोणत्या जागी कसे वळलेत ते पाहायचे, आणि हळूच सांगायचे: हा घरात दाणा आणतो, हा भाऊबंदकी लावतो. तुम्ही नाही म्हटलेला बैल आपल्या गावात आला नाही. तुम्ही ते मानत होता, बा. नुसतं लोकांसाठी सांगत नव्हता.

म्हणून जवळ्याच्या बाजारातला तो दिवस मला अजून उमगत नाही. आपल्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता, त्याच्या जागी दुसरा पाहायला आपण गेलो होतो. मी भज्यांच्या गाड्यापाशी अडकलो. तिथला माणूस मिरची तेलात सोडताना डोळे मिटून घ्यायचा, ते पाहतच राहिलो मी. पुडी घेऊन परत आलो तर तुम्ही त्या बांड्यापाशी उभे. तरणा, रुंद खांद्याचा, अंगावर पांढरे पट्टे, आणि त्याच्याभोवती माणूस नाही. विकणारा म्हणत होता, "भाऊ, तुमच्यापासून काय लपवू? पाहा तुमीच." तुम्ही त्याच्या पाठीवरचे केस बाजूला केले.

"मालक खाणारा हाय."

"व्हय. म्हणून तर सकाळधरनं कोणी हात लावंना. आता कसायाबिगर गिऱ्हाईक न्हाई याला."

आपल्याच गावचा एक टवाळ मागून बोलला, "घेऊन टाका की भाऊ! पोरगं दोन भोवऱ्याचं, बैल एकाचा. भोवऱ्यांचा तोटा न्हाई राहायचा घरात." सगळे हसले. तोंडात भजं घेऊन मी पण हसलो. तुम्ही मात्र माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, डोक्याकडे. बराच वेळ. मग बैलाकडे पाहिलं आणि विकणाऱ्याला म्हणालात, "सोड दोर."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "बा, हा तर मालकाला खातो ना?"

"भोवरा तसाच हाय."

"मंग घेतला काहून?"

वाटेत ओढा लागला. ओढ्यात बैल पाणी पिऊन राहिला होता, तेव्हा म्हणालात, "मंग त्याला चारा कोण घालंल?" बस, एवढंच. मला तेव्हा ते उत्तर वाटलंच नाही. मी काय विचारलं आणि हे काय बोलतात! पण मग रोज सकाळी मी पाहायचो, तुम्ही गोठ्यात जायचे आणि बरोबर त्या भोवऱ्यावरच तळहात ठेवायचे. आधी तिथं, मग वैरण. मला वाटायचं, तुम्ही विस्तवावर हात ठेवून राहिलात, आणि हात जळत नाही. असं काही मी पुढं सगळीकडे फिरूनही कुठं पाहिलं नाही.

दोन-तीन पोळे झाले आणि तुम्ही काविळीनं गेलात. गावानं एका दिवसात निकाल दिला: बैलानं मालक खाल्ला. दहावा व्हायच्या आत चुलते दोर घेऊन गोठ्यात आले, बैल बाजाराला न्यायला. माय उठली. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी दोर त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, "आता मालक मी हाये. खायचं आसंल तर खाऊ द्या मला." चुलते आल्या वाटेनं परत गेले. बा, त्या बैलानं मायच्या हाताखाली आपलं रान कितीतरी वर्षं नांगरलं. म्हातारा होऊन गोठ्यातच गेला, तिच्या हातची पेंड खात. माय आजही कापूस वेचायला सगळ्यांच्या पुढं असते.

मग भोवरा खरा की खोटा? एकच बैल, एकच भोवरा, मालक दोन. हे कोडं मी ट्रकच्या टपावर, बोअरच्या मशीनवर, निजामाबादच्या चहाच्या टपरीवर घोळवलंय. (तिथला चहा लई गोड, चमचा उभा राहील असा. असो.) माय पोरगी पाहायला निघाली की मी पहिली जीप धरून पसार. लोक म्हणायचे पायाला भिंगरी आहे याच्या. भिंगरी कुठली, मला कोणाच्या तरी मरणाची भीती होती. पण फिरता फिरता मी पाहायला लागलो, की सगळंच वळलेलं आहे. बोटांच्या टोकांवरच्या रेषा वळलेल्या, पुरात कयाधू नदीचं पाणी वळलेलं, चैतात रानातला फुफाटा वळून आभाळात चढतो. एकदा सेनगावच्या अलीकडे एका गोठ्यात गाय विताना पाहिली. वासरू ओलं, डोळे नीट उघडलेले नाहीत, आणि कपाळावर भोवरा हजर! तिथं पोटात, अंधारात, कोणी बोट फिरवलं? मी हात जोडले. आजूबाजूचे हसले, पण मला हसू येईना.

आता ती बाई. यंदा हळदीच्या हंगामात मी हळद शिजवणाऱ्या टोळीत होतो, ती कंद वेचणाऱ्या बायकांत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा विहीर खणताना दरड कोसळून गेला. तेव्हापासून तिच्याबद्दल लोक तेच बोलतात जे बांड्याबद्दल बोलायचे. सवाष्णी तिच्या हातून पाणी घ्यायला कचरतात. मी एकदा मागून घेतलं. पुढं बोलणं वाढलं, आणि एका दुपारी मी तिला माझ्या डोक्याचं सांगितलं, आणि तुमच्या बैलाचं पण. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "वा! मला बैलाच्या दावणीला बांधलं व्हय तुमी?" मी गडबडलो. तशी ती हसायला लागली. मग हळद झटकत म्हणाली, "दोन लग्नं लिहिलीत ना? एक माझं होऊन गेलंय. ते धरा तुमच्यातलं. राहिलं एक."

एवढी वर्षं मी त्या दोन भोवऱ्यांच्या भीतीनं पळत होतो आणि ही बाई भाजी निवडावी तसं त्यातलं एक उचलून बाजूला ठेवते! मी म्हटलं, "असं चालतं का?"

"चालवणारं कोण हाये तिथं, मला तरी दिसलं न्हाई. माझं कपाळ मी लई विचारून पाहिलं, ते बोलत न्हाई. तुमी येणार की न्हाई ते सांगा. डोक्याला विचारू नका, तुमी सांगा."

म्हणून हे लिहायला बसलो, सेनगावजवळच्या गोरेगावच्या स्टँडवर, जीप भरेपर्यंत. वाटलं तुम्हाला विचारावं: तुम्ही दोर सोडायला सांगितलंत तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं? मरण दिसत होतं आणि तरी घेतलात, की माझे भोवरे पाहून माझ्यासाठी घेतलात, की तो तुमच्याच दावणीला यायचा हे पण कुठं वळून ठेवलेलं होतं? यातलं काय मोठं, मला ठरवता येत नाही. ड्रायव्हर ओरडतोय, अजून दोन सीट पाहिजेत त्याला. हा कागद काही मी कुठं टपालात टाकणार नाही, खिशातच राहील, धुण्यात लगदा होईल.

आणि एक सांगून टाकतो बा, कारण तुमच्यापुढं खोटं निभत नाही. विचारायचं म्हणून लिहायला घेतलं, पण विचारायचं काही राहिलेलं नाही. तिनं "तुमी सांगा" म्हटलं त्याच्या पुढच्याच श्वासाला मी "येतो" म्हणून बसलो होतो. विचार नंतर आला, भीती तर त्याच्याही नंतर, अजून आहे ती. कुठून आला तो शब्द, मला माहीत नाही. तोंड माझं होतं, एवढं नक्की.