शेरवानीचा कोट

३ डिसेंबर १९८५, मंगळवार
आज ठरवले. या सेलू गावात जुन्या कपड्यांची जी नासाडी चालते ती बघवत नाही. कोणी बोहारणीला देऊन पातेले घेतो, कोणी धोतराने सायकल पुसतो. आमची आत्या धुरपताबाई तर चांगली लुगडी एकावर एक अंथरते, वर धावदोरा घालते आणि त्याला वाकळ म्हणते. दोन महिने एकच वाकळ चालू आहे. कोणासाठी, विचारले तर म्हणाली, "हाय एकाला."
जुन्यातून नवे करायला डोके लागते. ते घरात एकालाच आहे.

६ डिसेंबर
पत्र्याच्या पेटीत आजोबांची शेरवानी सापडली. निजामाच्या राज्यात ते कारकून होते. काळी, लोकरीची, डांबरगोळ्यांचा वास. हिचा मॉडर्न कोट होणार.
निमित्तही आहे. १९ जानेवारीला गंगाखेडला मुलगी बघायची. दिनकररावांची मालन. आधी दोन ठिकाणांहून नकार आले, दोन्ही वेळा माणिकराव शिंप्यांनी शिवलेल्या शर्टामुळे. तिसरा नकार आला तर विषय बंद करू, असे आत्या म्हणाली. आई गेल्यावर तिनेच वाढवले, म्हणून उलट बोललो नाही.

७ डिसेंबर
माणिकरावांना बेत सांगितला. त्यांच्या दुकानात तीन वर्षे मी काज-बटण करतो. हा माणूस वीस वर्षे एकच लेंगा शिवतो आहे, फक्त गिऱ्हाईक बदलते. म्हणाले, "भुजंगा, आदी माप, मंग कात्री." हेवा. दुसरे काय?

८ डिसेंबर, रविवार. सकाळी ९
दुकान बंद. कापायला बसलो. नजरेचा अंदाज मापापेक्षा बरा.
दुपारी १
कोट कमरेच्या वर चार बोटे आला आहे. आखूड कोटाची फॅशन शहरात नक्की असणार. इकडे पोचायला वेळ लागतो.

१५ डिसेंबर
एक अडचण. आजोबा रुंद खांद्यांचे. माझ्या अंगावर खांदे खाली लोंबतात. आत्या हसली. म्हणाली, "खुंटीला घातल्यावानी दिसायलाय." शिक्षण नसले की माणूस असा हसतो. मी दहावीत एकाच विषयात पास झालो, मराठीत, पण एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता.
खांद्यात भर घालावी लागेल. उद्यापासून विचार.

२२ डिसेंबर
विचार केला नाही. सर्दी.

५ जानेवारी १९८६
आत्या वाकळेजवळ भाकरी आणि गूळ घेऊन बसली होती. खात खात शिवते, मग टाके वाकडे येणारच. संध्याकाळी म्हणाली, "झाली बाबा एकदाची," आणि वाकळेची घडी करून माळ्यावर ठेवली. जणू राजवाड्यात जायची आहे.

१० जानेवारी
सुचले! वाकळेचे कोपरे! तिथे कापड चौपदरी, घट्ट, फुगीर. आत्या देवळात गेली तेव्हा चारही कोपरे कापले. एका खांद्यात दोन, दुसऱ्यात दोन. आत काहीतरी टणक लागले. आत्याच्या गाठी असणार. उसवून बघण्यात वेळ घालवला नाही.
वाकळ होती तशी घडी घालून ठेवली. कोपरे नसले तरी पांघरूण ते पांघरूणच. झोपलेल्या माणसाला कोपरे दिसतात का?

११ जानेवारी
कोट तयार. आरशात स्वतःला ओळखले नाही. खुंटीला टांगून ठेवला, सुरकुती नको.

१६ जानेवारी
कोटापर्यंत भिंतीवर मुंग्यांची ओळ. कोट झटकला. या घरात स्वच्छता नावाला नाही.

१९ जानेवारी, रविवार. पहाटे
आज नकार येणे अशक्य.

२० जानेवारी
काल लिहिणे झाले नाही. क्रमाने लिहितो.
एस.टी.त आत्याशेजारी बसलो, खांद्याला खाज. नवा कपडा, होते असे. गंगाखेडला दिनकररावांच्या ओसरीत उन्हाला बसवले. पोहे आले, मालन आली. तिने माझ्या खांद्याकडे बघितले आणि बघतच राहिली. आधीच्या दोघींनी तर मानही वर केली नव्हती. कोटाचा परिणाम. मी ताठ बसलो. मानेवर काहीतरी चावले, तरी हललो नाही. मालन पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो.
मग तिची आजी सरजाबाई उठल्या. म्हणाल्या, "पाव्हणं, कोट काढा बरं." शिवण बघायची असेल म्हणून आनंदाने दिला. त्यांनी विळीवर खांदा उसवला. लाल मुंग्यांचा लोंढा बाहेर आला आणि मागून भाकरीचा वाळका तुकडा, गुळासकट.
"आगं बया, ह्यो तर वाकळंचा घास!" त्या म्हणाल्या. वाकळ उपाशी राहू नये म्हणून शिवताना कोपऱ्याकोपऱ्यात घास घालतात म्हणे. हे मला कोणी सांगितले होते? त्यांनी विचारले, "कुनाची वाकळ कापली रे लेकरा?"
मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात आत्या खाली बघून म्हणाली, "ह्याच्याच लग्नासाठी शिवली होती, माय."
नंतर कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.
सेलू येईपर्यंत आत्या खिडकीबाहेर बघत होती.

२ फेब्रुवारी
दिनकररावांचे कार्ड. तीन ओळींत पाच चुका. मालनचे पूर्णेला, रेल्वेतल्या मुलाशी जमले. खाली सरजाबाईंचा निरोप: घास घालणारा हात आता कुठे मिळत नाही, धुरपताबाईंनी आमच्या मालनला एक वाकळ द्यावी.
माझ्याबद्दल काही नाही. म्हणजे तक्रारही नाही.

९ फेब्रुवारी
आत्याने तीच वाकळ काढली. म्हणाली, "आता हितं कुनाला लागतीया?" मग कोट माझ्यापुढे टाकला आणि कात्री दिली. चार कोपरे पाहिजेत म्हणाली. मी आधी माप घेतले.

१६ फेब्रुवारी, रविवार
चारही कोपरे काळे, लोकरीचे, माझ्या हाताचे. आत्याला आता सुईत दोरा ओवता येत नाही, शेजारच्या पोरीकडून ओवून घेते. हे मला माहीत नव्हते. कोटाची एक चिंधीही वाया गेली नाही, तेव्हा माझे म्हणणे मुळात खरेच होते.
वाकळ घेऊन उद्या ती एकटीच गंगाखेडला जाणार. घास मी घातला. नुसती भाकरी. गूळ घातला नाही. झोपेत मालनला मुंग्या चावायला नकोत.