सोनेरी अक्षरं समोर

बुधवार, ३ जुलै, सकाळी ७.१०
आरशासमोर उभा राहून नवा स्टेथोस्कोप कानात घालून बघत होतो. एका बाजूने घातला की नळीवरची कंपनीची सोनेरी अक्षरं छातीकडे वळतात, दुसऱ्या बाजूने घातला की समोरच्याला दिसतात. दिसतील असाच घालायचं ठरवलं. सोबत माहितीपत्रक आहे, चित्रांसकट. चित्रं नवशिक्यांसाठी असतात.

मेडिकलची प्रवेश परीक्षा एकशे पाच गुणांनी थोडक्यात हुकली. आता वर्षभर आरोग्य सेवा प्रकल्पात राबायचं आणि तिथल्या डॉक्टर मॅडमचं शिफारसपत्र मिळवायचं. त्या पत्राशिवाय पुढच्या वर्षी मुलाखतीला उभंही करणार नाहीत. स्टेथोस्कोपसाठी पैसे भाऊजींनी उसने दिले. देताना म्हणाले, आधी ॲडमिशन तर मिळू दे. ताईने कसा माणूस निवडला देव जाणे.

५ जुलै
दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक गळका नळ आणि सिस्टर. सिस्टरांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, गळ्यातलं ते शोभेचं आहे की चालतं. काम असं: घरोघर जाऊन बीपी मोजायचं, कार्डावर लिहायचं, जास्त निघालं की माणूस दवाखान्यात पाठवायचा. सल्ला द्यायचा नाही. गोळ्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हे शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं. मी काय बहिरा आहे?

दुसरी व्हॉलंटियर एक मुलगी आहे. मनातल्या मनात तिचं नाव फर्स्टक्लास ठेवलं. तिला ॲडमिशन मिळालेली आहे, तरी आपणहून एक वर्ष थांबून काम करतेय. असली माणसं डोक्यात जातात.

११ जुलै
फर्स्टक्लासला लोक आत बसवतात, चहा विचारतात. माझ्यापुढे दारातच हात करतात. एका बाईला म्हटलं, हात हलवू नका. ती म्हणाली, चौथ्यांदा पट्टा फुगवताय, हलवायला हात उरलाय कुठे. नळीतून आवाज फारच बारीक येतो. महागाच्या वस्तूत फालतू आवाज गाळले जात असणार.

संकल्प: रोज पंधरा घरं, संध्याकाळी दोन तास बायोलॉजी. आज सहा घरं झाली. बायोलॉजी सोमवारपासून.

१९ जुलै
शोध लागला. माझ्या गल्लीत जवळपास सगळ्यांचं बीपी कमी आहे. एकाचं वरचं नव्वद निघालं, आणि तो गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चालला होता. फर्स्टक्लासच्या गल्लीत मात्र सगळे ठीक, नाहीतर जास्त. तिला मोजता येत नाही हे उघड आहे.

सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या माझ्यासमोर मोजून दाखव. उद्या पोटात दुखणार आहे. माझी परीक्षा घेणाऱ्या या कोण?

२ ऑगस्ट
घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांचं बीपी त्यांच्या दुकानातच मोजलं. माझं बंद पडलेलं घड्याळही दुरुस्तीला टाकलं. शंभर रुपये म्हणत होते, ऐंशीवर आणलं. माणसं नडल्याशिवाय वठणीवर येत नाहीत.

काका पाच वर्षं बीपीच्या गोळ्या घेताहेत. हल्ली डोकं जड असतं म्हणाले. वरचं ब्याण्णव निघालं. मी सांगितलं, गोळ्या जास्त होताहेत, बंद करा, पाण्यात मीठ घालून प्या. मॅडमना विचारू का, म्हणाले. मी म्हटलं, मी जवळजवळ डॉक्टरच आहे. काकांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, बाळा, जवळजवळ चालणारं घड्याळ आमच्याकडून कोणी नेत नाही.

पण गोळ्यांचं पाकीट खणात टाकलं. शेवटी ज्ञानापुढे मान झुकते.

९ ऑगस्ट
काल काका दुकानात बोलता बोलता अडखळले. जीभ वळेना, उजवा हात लुळा पडला. हॉस्पिटलमध्ये वरचं बीपी दोनशे दहा. वय झालंच होतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

सकाळी काकू दवाखान्यात आल्या. भरल्या बाकांसमोर मला विचारलं, मीठ सांगणारा तूच ना. मी म्हटलं, मोजमाप अचूक होतं. मॅडमनी स्वतःची बाही वर केली आणि म्हणाल्या, मोज. मी मोजलं, शंभर. फर्स्टक्लासने मोजलं, एकशे चाळीस. सिस्टरांनी मोजलं, एकशे चाळीस.

मग मॅडमनी माझ्या कानातला स्टेथोस्कोप उपटला, उलटा फिरवला आणि लहान मुलाला टोपी घालावी तसा परत घातला. पट्टा फुगवला. कानात कोणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज आला. महिनाभर एवढा आवाज कुठे होता, हे मी विचारणार होतो. मॅडम म्हणाल्या, टोकं पुढे असतात, कानाच्या भोकाच्या दिशेने. तुझी महिनाभर कानाच्या भिंतीला टेकलेली होती. ऐकू येत नव्हतं तर विचारायला काय झालं होतं?

सोनेरी अक्षरं आता छातीकडे होती. कोणालाच दिसत नव्हती.

१० ऑगस्ट
माझी सगळी कार्डं रद्द. फर्स्टक्लास आणि सिस्टर सगळी घरं पुन्हा मोजताहेत. शिफारसपत्र मिळणार नाही. मागायलाही येऊ नकोस, असा निरोप सिस्टरांनी दिला, या खेपेला एकदाच. माहितीपत्रकातलं चित्र फार लहान छापलंय. कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं आहे. सोमवारी.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी ६
काकांच्या दुकानावर गेलो. काका घरी आलेत. त्यांचं बोलणं समजतं, उजवा हात अजून उचलता येत नाही. दुकान काकू आवरत होत्या. माझं घड्याळ उघडंच परत दिलं, बारीक स्क्रू वेगळे कागदाच्या पुडीत. ऐंशी पुढे केले. त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाल्या, काम झालं नाही, पैसे कसले.

खर्च: स्टेथोस्कोप, चार हजार दोनशे. भाऊजी म्हणतात वापरलेला कोणी घेणार नाही. वापरला कुठे, असं ताई म्हणाली.
देणं: भाऊजी, चार हजार दोनशे.
घड्याळवाले काका, शंभर. ऐंशी खोडून शंभर केलेत. काकू घेत नाहीत, तरी देण्यातच धरलेत.