एक्केचाळीस मिनिटांची रांग

प्रिय धाकट्या,

तुझ्या निलंबनाची फाइल काल माझ्या टेबलावरून पुढे गेली. तिच्यात तुझे तीन अर्ज निघाले, जे मी कधी पाहिले नव्हते. म्हणून हे लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला मध्येच तोडशील.

तुझ्या बायकोनं सकाळी सांगितलं, की 'देखभालीत हलगर्जी झाली' या कबुलीवर तू सोमवारी सही करणार आहेस. "एकदाचं मिटू दे, म्हणतात," म्हणाली. शाब्बास! म्हणजे कोस्टरच्या अपघातात त्या मुलीचा हात तुझ्यामुळे मोडला, असं तिनं जन्मभर समजायचं. परवा मी तिला भेटून आले. हातात दोन ठिकाणी सळ्या घातल्या आहेत. "काकू, वळणावर आधी आवाज आला होता हो, मी मैत्रिणीला म्हटलंसुद्धा," असं सांगत होती. मी कोण, ते मी तिला सांगितलं नाही. फळं ठेवली आणि निघाले.

पार्कात नवा रोलर कोस्टर कधी बांधायचा हे कसं ठरतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. आपला नियमच होता, पार्कातलं पार्कात. तुला मी चिकटवलं अशी कुजबुज होती, म्हणून जेवताना कामाचा विषय निघाला की मी डोळे वटारायची. तर आता ऐक. मालकांना वाटतं ते ठरवतात. खरं म्हणजे माझी रांग ठरवते. रांगेच्या शेवटी येऊन उभं राहणाऱ्याच्या हाती आमच्या खात्यातली मुलगी वेळ लिहिलेलं कार्ड देते, तो गाडीत बसताना ते परत घेते. मधली मिनिटं मी मांडते. लागोपाठ दोन हंगाम सरासरी पंचविसाच्या खाली आली, की लोकांचं मन जुन्यावरून उडालं असं धरायचं आणि नव्याची ऑर्डर द्यायची. आपल्याकडे मोकळी जागा नाही, त्यामुळे ऑर्डर गेली की जुना लगेच पाडायचा. नदीपलीकडच्या पार्कानं नवीन काही उभारलं की मालक दोन दिवस तणतणतात, पण तिसऱ्या दिवशी माझा आकडाच मागतात.

तुझ्या म्हातारीची, आपल्या जुन्या कोस्टरची, सरासरी दोन वर्षांपूर्वी बावीस आली होती. गेला हंगामही तसाच गेला असता, तर ती तेव्हाच पडली असती. पण आली एक्केचाळीस. मालक हसून म्हणाले, "म्हातारी तर तरुण झाली! आता नव्याचं नाव काढू नका."

ती तरुण झाली नव्हती. दोन गाड्यांपैकी लाल गाडी तू दुरुस्तीला काढली होतीस. सगळे एकाच गाडीची वाट पाहत होते, म्हणून रांग तुंबली. दिवसभरात बसणाऱ्यांची संख्या उलट घटली होती, आणि ती माझ्याच वहीत होती. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. तक्त्यात रकाना फक्त मिनिटांचा असतो, शेऱ्याला खाली बोटभर जागा. मी ती कोरी ठेवली.

नवा कोस्टर आला की बांधणारी कंपनी देखभालीला आपली माणसं आणते. तुझी चाळिशी उलटलेली, भाची अजून शाळेत. एक ओळ न लिहून मी भावाची नोकरी राखली, असं मला वाटलं. खोटं तर काही लिहिलं नाही ना, असंही वर बजावत राहिले. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेल्या बाईनं स्वतःची अशी समजूत घालावी!

आणि तू त्यानंतर तीनदा लिहिलंस, की वळणावरचे रूळ झिजलेत, कोस्टर बंद करा, आमचं काय व्हायचं ते होऊ दे. तिन्ही अर्जांच्या समासात मालकांचं अक्षर आहे: 'रांग ४१ मिनिटं. बंद करता येणार नाही.' तू एकदा जेवताना म्हणाला होतास, "ताई, म्हातारीचं काही खरं नाही." मी म्हटलं, "भाजी वाढ आणि गप्प बस." तू गप्प बसलास. एवढं माझं ऐकायची काही गरज नव्हती रे.

सोमवारी सही करू नकोस. "ताईला यातलं काही माहीत नव्हतं," असंही सांगू नकोस. तू सांगशील, मी ओळखते तुला. पण ते आता टिकणार नाही. आज सकाळी अकरा वाजता मी चौकशी अधिकाऱ्यांच्या हाती पुढील कागद दिले: गेल्या हंगामाच्या रांगेच्या नोंदवह्या तीन, बसणाऱ्यांच्या रोजच्या संख्येची वही एक, लाल गाडी बंद होती त्या एकशे सहा दिवसांची यादी, शेरा कोरा असलेला, माझ्या सहीचा तक्ता, तुझ्या तिन्ही अर्जांच्या प्रती, आणि मला हे कधी कळलं, ते तारखेसह सांगणारा माझा दोन पानी जबाब. पोच घेतली आहे.

तुझीच,
ताई