वानराच्या रक्तातल्या पाच जागा

बा, तुला मोकळेपणानं लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. तू होतास तेव्हाही मी नागपूरहून लिहायचो, पण तुला अक्षर येत नव्हतं. पत्र गावच्या मास्तरांच्या तोंडून तुझ्या कानावर जायचं आणि मास्तर वाचतायत म्हटल्यावर अर्धं गाव ओट्यावर जमायचं. म्हणून तब्येत बरी आहे, अभ्यास चालू आहे, यापलीकडे मी कधी गेलो नाही. आता मी ऐंशीला टेकलोय. डोळे दमलेत, पाठ दमलीय, आणि खरं सांगायचं तर मीच दमलोय. मधे वाचून दाखवणारं कोणी नाही, तेव्हा जे आहे ते लिहितो.

आपण परधान. गोंडांच्या घरच्या पिढ्या तोंडपाठ ठेवायच्या आणि घरात माणूस गेलं की दिवसकार्याला जाऊन किंगरी वाजवत त्या म्हणायच्या, हे तुझं काम. छप्पन साली मॅट्रिक होऊन मी नागपूरच्या कॉलेजात गेलो तेव्हा मला त्या कामाची लाज वाटायची, हेही आता लिहून टाकतो. बिदागी म्हणून मेलेल्या माणसाचं धोतर आणि तांब्या घेऊन तू घरी यायचास तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसायचो. त्यानंतरच्या एका दिवाळीच्या सुटीत तू मला बळेच केळापूरकडच्या एका घरी नेलंस. तिथला म्हातारा वारला होता. मी तुझ्या मागं बसलोय. मांडव भरलाय, किंगरी चाललीय, तू एकेक नाव घेत खाली येतोयस आणि मधेच थांबतोस. किंगरीही थांबते. एक पिढी तुला आठवत नाही. मी मनात हिशेब केला, या लोकांत आजाचं नाव नातवाला देतात, म्हणजे इथं अमुकच नाव असणार. पुढं वाकून मी ते तुझ्या कानात सांगितलं. तू मान हलवलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, “इथं एक पिढी हाये. तिचं नाव मले याद नाही.”

घरचा कारभारी कावला. “काही बी नाव घे ना रे! कोन पाह्यते?”

“तेच त,” तू म्हणालास. “कोनीच पाहत नाही.”

पुढचं सगळं म्हटलंस, पण मांडवातली माणसं एकमेकांकडे बघत होती. त्या घरानं तुला परत बोलावलं नाही. दुसराच परधान जाऊ लागला आणि त्यांच्या भावकीतली आणखी दोन घरंही त्याच्याकडे गेली. आईनं वर्षभर ऐकवलं तुला, मी नव्हतो तेव्हाही ऐकवलं असणार. त्या दिवशी वाटेत मात्र तू माझ्यावर चिडला होतास.

“तुले मालूम होतं का ते नाव?”

“नाही. पन आजाचं नाव नातवाले देतेत, म्हनून...”

“म्हंजे मालूम नव्हतं. मंग बोलला काहून?” थोडं चालून गेल्यावर आवाज उतरला तुझा. “खाली जागा दिसते, पोरा. आज ना उद्या कोनी येते अन् भरते. खोट्या नावानं भरली त मंग तिकडं कोनी ढुंकूनबी पाहत नाही.”

ते नाव मिळवायला तू दोन उन्हाळे पायी फिरलास. वणीकडच्या एका म्हाताऱ्या परधानाला वरच्या पिढ्या येत होत्या, घाटंजीकडच्या दुसऱ्याला खालच्या. चुलीपुढं एका नावाला एक असे चिंचोके मांडून तू मला दाखवलंस. दोघांच्या सांगण्यात तीन नावं सारखी होती. ती एकावर एक ठेवली की वरचा तुकडा आणि खालचा तुकडा जुळत होते आणि हरवलेली पिढी त्या तिघांतच होती. मी सांगितलेलं नाव ते नव्हतंच. आई भाकरी थापता थापता म्हणाली, आता मिळून काय उपयोग, ते घर तर गेलं. तू ती पिढी पहिल्यापासून म्हणून पाहिलीस, त्या नावासकट.

पुढं प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि साहेबांनी पहिल्या आठवड्यात काम समजावलं तेव्हा मला हसू आलं. रक्तातलं प्रथिन म्हणजे कड्यांची लांब साखळी, आणि कोणती कडी कोणामागं हे शोधायचं. अख्खी साखळी वाचता येत नाही, म्हणून एका रसानं तिचे तुकडे करायचे, मग दुसऱ्या रसानं वेगळ्या ठिकाणी तुकडे करायचे, आणि दोन्हीकडे सारख्या येणाऱ्या कड्या एकावर एक ठेवून जुळवायचं. मला वाटलं, हे तर आपल्या चुलीपुढं झालंय. कागदावर औषध फवारून तापवलं की जांभळे ठिपके उठायचे आणि बोटंही जांभळी व्हायची. दिवाळीला घरी आलो तेव्हा तू विचारलंस, “या दिवसांत जांभळं कुठं भेटली रे तुले?”

मला वानराची साखळी वाचायला दिली होती. माणसाची वाचून झाली होती. दोन्ही शेजारी ठेवून किती ठिकाणी फरक पडतो ते मोजायचं आणि त्यावरून दोघांचा मूळपुरुष किती मागं ते ताडायचं. तीन वर्षं गेली त्यात. शेवटी एका तुकड्यातल्या पाच कड्या अडल्या. कोणत्या पाच ते कळत होतं, कोणत्या क्रमानं ते कळेना, आणि रक्त संपलं होतं. साहेब म्हणाले, माणसात जसा क्रम आहे तसाच असणार, लिहून टाका. अशा अंदाजाच्या जागी कंस घालायची आमच्यात रीत होती. मी स्वच्छ प्रत काढताना कंस घातले नाहीत. ते साहेबांनी सांगितलं नव्हतं, बा. ते माझं मीच केलं. कंस असले की काम अर्धवट दिसतं, आणि मला तिथं कायम व्हायचं होतं.

तो लेख छापून आला त्या उन्हाळ्यात मी घरी आलो. तू खाटेवर होतास, खोकला लागला होता. वानर आणि आपण एकाच घरातले हे मी सांगितलं तेव्हा तू खोकत खोकत हसलास. “मंग वांदराच्या घरी पिढ्या सांगाले कोन जाते?” मग उठून बसलास आणि गंभीर झालास.

“सारं वाचलं तू?”

“सारं.”

“एकबी जागा खाली नाही?”

“नाही, बा.”

तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. माझी मान खाली होती, ते तुला लाजणं वाटलं असेल. पुढं आई सांगायची की बाजाराच्या दिवशी काठी टेकत तू पांढरकवड्याला गेलास आणि भेटेल त्याला अडवून सांगितलंस, “माया पोरानं वांदरापासून पिढी लावली, एक जागा खाली नाही ठेवली.” ज्या घरानं तुला सोडलं त्यांनाही सांगितलंस. त्याच थंडीत तू गेलास.

मी कायम झालो, बढत्या मिळाल्या, निवृत्त झालो. माझी ती साखळी लोकांनी आपापल्या वंशवृक्षांत घेतली, एकाचं बघून दुसऱ्यानं. मागच्या वर्षी एका मुलीचं पत्र आलं. ती आता थेट डीएनए वाचते, यंत्रावर, आम्हाला वर्षं लागली ते तिचं दुपारभरात होतं. तिला त्या पाचांतल्या दोन कड्या उलटसुलट सापडल्या. फार आदरानं लिहिलं होतं तिनं. चूक माझी नसून कदाचित त्या वानराचंच रक्त वेगळं असेल, तर जुनी वही बघायला मिळेल का, असं विचारलं होतं. मी तिला कळवलं की वहीला वाळवी लागली.

वही माझ्या कपाटात आहे. आज ती काढली. वहीत कंस आहेत, बा, पेन्सिलीचे, माझ्याच हातचे, अजून स्पष्ट दिसतात.

खरं तर सकाळी मी त्या मुलीलाच लिहायला बसलो होतो. पाकिटावर तिचा पत्ताही घातला. मग तुला लिहायला घेतलं, कारण तुला लिहिलेलं टपालात टाकावं लागत नाही.