मधलं पान

वेलिंग्टन
मंगळवार, १७ ऑक्टोबर १९६१

मासिनाताई,

तुला नमस्कार, पोरांना गोड पापा. पाद्रीबाबांना सांग, त्यांनी शिकवलेल्या अक्षरांवर अजून माझं चाललंय. मी बरा आहे. इथला वारा आपल्याकडच्या माडांनाही झोपवेल असा आहे. पोरांच्या सणाला, पांढऱ्या रविवारी, धाकटी देवळात न रडता ओळी म्हणाली, हे वाचून बरं वाटलं.

झाली ख्यालीखुशाली. आता सांग, दाजींना घराबाहेर काढायचा सल्ला तुला कुणी दिला?

तुझं पत्र शनिवारी आलं. 'कचेरीतले कागद विकणाऱ्या माणसाबरोबर मी एका छपराखाली राहणार नाही. माझा भाऊ तरी माझा मान राखून आहे.' हे दुसरं वाक्य वाचलं आणि मी जेवण तसंच टाकून उठलो. खोलीतला टोंगाचा पोरगा म्हणाला, "कोण मेलं रे?" मी म्हटलं, "अजून नाही."

ताई, रागावू नकोस. नाही, रागाव. मीही रागावलोय. तुझ्यावर, कचेरीतल्या त्या प्रेंटिस साहेबावर, सगळ्यांवर. त्यातल्या एकाचं नाव लिहायला हात वळत नाहीय, ते पुढे येईल.

तुला वाटतं, दाजी आठ महिने इथे साहेबी करत होते. काय शिकवलं त्यांना, ऐक. जानेवारीत आपला देश आपला होणार. पासपोर्ट, परवाने, परदेशच्या तारा आपल्याच माणसाला करता याव्यात म्हणून त्यांना इथल्या सरकारी कचेरीत बोलावलं. आणि शिकवलं काय? शिक्का मारायला. तारा यायच्या त्या खोलीला कुलूप होतं. तार आली की प्रेंटिस म्हणायचा, "अपेरामो, जरा बाहेर बसता का?" जरा म्हणजे तास दीड तास. दाजी कोट घालून बाहेरच्या बाकावर, आणि मी फडकं घेऊन त्याच खोलीत आत! पुसणाऱ्याला कोण बाहेर काढतो? मी एकदा चिडवलं, "दाजी, कोट काढा, माझं फडकं घ्या, दोन दिवसांत सगळं शिकाल." ते म्हणाले, "फडकं तुलाच राहू दे. तुझ्या हातात ते साहेबी दिसतं." हसले. माझंच डोकं फिरायचं.

आता टोपल्यांचं सांगतो. कचेरीत कागद टाकायला दोन जागा. साधा कचरा जाळीच्या टोपलीत, आणि गुप्त कागद लाल पट्ट्याच्या पोत्यात. ते पोतं साहेबासमोर शिवायचं आणि साहेबासमोरच भट्टीत टाकायचं. ते माझं काम. जाळीच्या टोपलीत चांगले जाड कागद असत, एका बाजूला कोरे. मला वाईट वाटायचं. आपल्याकडे शाळेत पाटीवर पाणी मारून लिहायचो आपण. मी ते घरी आणायचो, त्यावर अक्षर घोटायचो.

आणि तुला पत्रं लिहायचो.

जूनचं पत्र आठवतं? तीन पानी. नीरफणस आठवतो म्हणून लिहिलं होतं, थंडीत पाय फुटलेत म्हणून लिहिलं होतं. तू रीतीप्रमाणे ते अंगणात सगळ्यांसमोर वाचून घेतलंस. तुमच्या शाळेचे गोरे मास्तर त्या दिवशी जेवायला होते. पुढच्या पत्रात तू किती खुशीत लिहिलंस, 'मास्तरांना तुझं अक्षर इतकं आवडलं की मधलं पान मागून घेऊन गेले.'

अक्षर नव्हतं आवडलं त्यांना. त्यांनी पान उलटून पाहिलं होतं.

मला इंग्रजी बोललेलं समजतं, छापलेलं वाचता येत नाही. मागे टंकलेलं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, आईशपथ. पण तुझी ती ओळ वाचली तेव्हाच शंका आली, आणि मी कुणाला काही बोललो नाही. उरलेले कागद परसात जाळले आणि कामावर गेलो.

ऑगस्टात ते पान मास्तरांकडून टपालाने इथे आलं, सोबत एवढंच लिहिलेलं, की अपेरामोच्या घरी मिळालं. प्रेंटिसने दाजींना बोलावलं. मी खिडकी पुसत होतो. त्याने पान टेबलावर ठेवलं, टंकलेली बाजू खाली, माझं अक्षर वर.

"हे तुमच्या भाषेत आहे. काय लिहिलंय?"

दाजींनी पहिली ओळ पाहिली आणि ओळखलं. तुझ्याकडे येणारी माझी पत्रं किती वेळा वाचून दाखवलीत त्यांनी! तरी ते सावकाश इंग्रजीत सांगत गेले, वारा, नीरफणस, फुटलेले पाय. मधल्या पानावर ना तुझं नाव, ना माझं.

"कुणाचं अक्षर हे?"

ताई, मी तिथे होतो. तीन पावलांवर. माझ्या हातात ओलं फडकं होतं.

"माझं," दाजी म्हणाले.

मी काच पुसत राहिलो. स्वच्छ झालेली काच पुन्हा पुन्हा पुसत राहिलो.

ते बोटीवर चढायच्या दिवशी मी धक्क्यावर गेलो. म्हटलं, "आत्ता जाऊन सांगतो त्याला." ते म्हणाले, "कुठल्या इंग्रजीत सांगशील? गप्प बस, पेसा. मला नुसतं परत पाठवताहेत, तुला तुरुंगात टाकतील. मग तुझ्या बहिणीसमोर मी कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि तिला यातलं अक्षर लिहायचं नाही." मागच्या बाजूला काय होतं तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. प्रेंटिसनेच टंकून घेतलेलं टिपण होतं: स्थानिक उमेदवारांना गुप्त तारा दाखवू नयेत, या लोकांच्या पोटात काही राहत नाही, आज समजलेलं उद्या साऱ्या गोतात पोचतं.

कळलं? पोत्यात टाकायचा कागद त्याने स्वतः टोपलीत टाकला. आमच्या पोटात काही राहत नाही म्हणणारा तो, आणि त्याच्यासमोर बसून सगळं पोटात घालणारे दाजी. आणि तू त्यांचं अंथरूण बाहेर फेकलंस!

तुझं पत्र आल्यावर मात्र मला राहवलं नाही. काल प्रेंटिसच्या दारात उभा राहिलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, अक्षर माझं, कागद मी नेला, तुमच्या टोपलीतून. कागद मागितला आणि लिहून दाखवलं. त्याने ते मधलं पान काढून दोन्ही अक्षरं बघितली, बराच वेळ बघितली. मग माझा कागद फाडला.

"मेहुण्याला वाचवायला आलास. तुम्ही सगळे एकमेकांसाठी खोटं बोलता. आणि गुप्त कागद टोपलीत कधीच जात नाही."

"तुम्ही टाकला होता, साहेब."

"उद्यापासून येऊ नकोस."

त्याला कळलंय, ताई. माझ्यावर विश्वास ठेवायचा तर टोपली कबूल करावी लागते. म्हणून दाजी चोर.

पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी गावाची बैठक आहे. जी बैठक दाजींना घराण्याचं प्रमुखपद, मताईपद, देणार होती, तीच आता त्यांना गावाबाहेर काढणार. म्हणून हे पत्र बैठकीत वाच. सगळं वाच. माझी दया येईल तिथेही थांबू नकोस. पाद्रीबाबांना माझं अक्षर ओळखायला सांग, त्यांनीच हातावर छड्या मारून वळवलंय ते. दाजी नको म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस.

लहानपणी आईने मला सांगितलं होतं, बहिणीच्या घराला तू भिंत आहेस. आपल्या घरांना भिंती नसतात, म्हणून मी तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

मी नोव्हेंबरच्या बोटीने येतोय. बैठक तोवर होऊन गेलेली असेल, निकाल काय लागेल तो लागो. पहाटे दाजी जिथे असतील त्या घरासमोर मी माफी मागायच्या रीतीप्रमाणे खाली बसणार आहे, डोक्यावरून चटई ओढून. तू ती काढायची नाहीस. पोरांना रडू आलं तर आत ने. दाजींनी काढली तर उठेन. दगड मारले तर तिथेच बसून राहीन.

एकच मागणं आहे. त्यासाठी लागते तशी बारीक विणीची चटई माझ्याकडे कुठली असणार? आईने विणलेली एकच आहे, तुझ्या पेटीत, दाजींच्या मताईपदाच्या दिवसासाठी ठेवलेली. ती मला देशील का? नाही दिलीस तर उघड्या डोक्याने बसेन.

तुझा मान राखून आहे असं तुला वाटत होतं तो,
तुझा भाऊ
पेसामिनो